उपचारांत हलगर्जीपणा झाला असे वाटते तेव्हा वकील कसा शोधावा

रुग्णालयात चालत गेलेला माणूस परत येत नाही, किंवा येतो तो आयुष्यभराचे अपंगत्व घेऊन येतो, तेव्हा घरातल्यांसमोर एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. चूक कोणाची, आणि दाद कोणाकडे मागायची? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत "एखादा चांगला वकील बघा" एवढ्यावरच थांबते. चांगला म्हणजे कसा, तो भेटतो कुठे, त्याच्याकडे जाताना हातात काय असावे आणि पैशांचे बोलणे कसे करावे, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. दुःखाच्या त्या दिवसांत विचारायला जावे तरी कोणाकडे, हेही सुचत नाही. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील रुग्णांच्या कुटुंबीयांना हाताशी ठेवता येईल अशी माहिती द्यावी, या हेतूने हे लिहीत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. वैद्यकीय हलगर्जीपणाच्या प्रकरणात वकिलाचे नाव किती मोठे आहे, यापेक्षा पहिल्या भेटीत त्याने आधी काय विचारले याला जास्त महत्त्व आहे. जो आधी भरपाईचा आकडा बोलतो त्याच्यापासून सावध राहावे, आणि जो आधी कागद आणि तारखा मागतो त्याच्यासमोर बसून राहावे. असे का, ते समजण्यासाठी कायदा हलगर्जीपणा कशाला म्हणतो, हे थोडे पाहावे लागेल.

6 मे 1953 रोजी कोकणात पालशेतच्या वाळूच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून प्रथमोपचार केले आणि नंतर त्याला टॅक्सीने पुण्याला आणण्यात आले. 9 मे रोजी पुण्यातील शल्यविशारदाने त्याला भूल न देता, गरजेपेक्षा जास्त जोर लावून हाड बसवले, आणि त्याच रात्री तो दगावला. त्याचे वडील स्वतः दौंडला डॉक्टरी करत होते. त्यांनी दिवाणी दावा लावला, खालच्या न्यायालयाने 3,000 रुपये भरपाई दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये ती कायम केली. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले' या नावाचा हा निकाल आजही या क्षेत्रातल्या प्रत्येक वकिलाला ठाऊक असतो, कारण डॉक्टरची कर्तव्ये कोणती, हे त्यात नेमकेपणाने सांगितले आहे. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना आणि ते उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. यांपैकी एका ठिकाणी जरी काळजीत कसूर झाली आणि त्यामुळे रुग्णाचे नुकसान झाले, तरी दाद मागता येते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि दुःखात असलेल्या माणसाला ती ऐकवत नाही. उपचार अयशस्वी झाले, एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. त्याच शिक्षणाचा, त्याच परिस्थितीतला दुसरा साधारण कुशल डॉक्टर जे करू शकला असता ते या डॉक्टरने केले असेल, तर परिणाम कितीही वाईट असला तरी न्यायालय त्याला दोषी धरत नाही. दोन मान्य पद्धतींपैकी त्याने एक निवडली आणि ती फसली, तरीही नाही. म्हणून प्रामाणिक वकील काही कुटुंबांना "तुमचे प्रकरण उभे राहणार नाही" असे सांगून परत पाठवतो. त्या क्षणी ते निष्ठुर वाटते. पण पाच-सात वर्षे तारखांना खेटे घातल्यावर हेच ऐकण्यापेक्षा ते पहिल्या आठवड्यात ऐकलेले कितीतरी बरे.

दाद मागण्याचे मार्ग चार आहेत आणि चारींचा उपयोग वेगवेगळा आहे. भरपाई हवी असेल तर बहुतेक प्रकरणे ग्राहक आयोगाकडे जातात. 1995 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. जे रुग्णालय काही रुग्णांकडून पैसे घेते आणि काहींवर मोफत उपचार करते, तेथील मोफत उपचार घेतलेला रुग्णही या निकालाप्रमाणे ग्राहक ठरतो. बिल विमा कंपनीने किंवा नोकरी देणाऱ्याने भरले असले तरी अडचण येत नाही. सरकारी योजनेतून खासगी रुग्णालयात उपचार झाले असतील, तर हा मुद्दा मात्र वकिलाकडून वेगळा तपासून घ्यावा.

जेथे सर्वांवरच मोफत उपचार होतात त्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, दिवाणी न्यायालयात जावे लागते. त्या वाटेनेही न्याय मिळालेला आहे. 1963 च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहून गेला, दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढला, पण ती वाचली नाही. खालच्या न्यायालयाने तिच्या कुटुंबाला दिलेली 36,000 रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मान्य केली आणि राज्य सरकारलाही जबाबदार धरले. मधल्या तेहेतीस वर्षांकडे पाहिले की दिवाणी मार्गाची किंमतही कळते.

राहिले दोन मार्ग. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली तर ती डॉक्टरला ताकीद देऊ शकते किंवा त्याची नोंदणी काही काळासाठी निलंबित करू शकते, परंतु रुग्णाला पैसे मिळवून देऊ शकत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. पोलिसांकडे फौजदारी तक्रार करता येते, मात्र त्यासाठी साधी चूक पुरत नाही, हलगर्जीपणा अत्यंत गंभीर असावा लागतो. जेकब मॅथ्यू प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की डॉक्टरवर कारवाई करण्याआधी पोलिसांनी स्वतंत्र आणि जाणकार डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतील, मत घेतले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. रागाच्या भरात रुग्णालयात तोडफोड करणे हा मार्ग नाही. महाराष्ट्रात त्यासाठी 2010 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तशी नोंद झाली की ज्याला न्याय हवा होता तोच आरोपी होऊन बसतो.

मुदत आणि कागद

ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. उशीर झाल्यास विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असे नाही. गोव्यातील सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका परिचारिकेची 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पोटदुखी चालूच राहिली. 2002 मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत तिच्या पोटातून कापसाच्या जाळीचा तुकडा निघाला आणि 2004 मध्ये तिने तक्रार केली. जे घडले त्याबद्दल कोणाच्याही मनात कळवळा यावा असे हे प्रकरण आहे. तरी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मुदतबाह्य ठरवले. हानी लगेच दिसत नसेल तर मुदत ती कळल्यापासून मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. मात्र वाजवी दक्षता घेतली असती तर ती ज्या वेळी कळू शकली असती, तेव्हापासून, असेही सांगितले. नऊ वर्षे दुखत असताना, स्वतः परिचारिका असूनही, ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे ती पुन्हा गेली नाही, ही गोष्ट तिच्या विरोधात गेली. म्हणून तारीख मोजण्याचे काम वकिलाच्या पहिल्या भेटीतच झाले पाहिजे. वैद्यक परिषदेचा निर्णय येऊ दे, पोलिसांचा अहवाल येऊ दे, मग ग्राहक आयोगात जाऊ, असे म्हणत थांबणाऱ्यांची दोन वर्षे नकळत निघून जातात. ती चौकशी चालू आहे म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही.

वकिलाकडे जाण्याआधी कागद हाती यायला हवेत. डॉक्टरांसाठी असलेल्या 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर 72 तासांच्या आत त्या द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 मध्ये रुग्णाचा हा हक्क मान्य केला आहे. अर्ज लेखी करावा, दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का आणि तारीख घालून पोच घ्यावी, आणि पोच देण्यास नकार मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. सरकारी रुग्णालयात माहितीच्या अधिकाराचाही उपयोग होतो. अर्जात "सर्व कागदपत्रे" असे मोघम लिहू नये. केस पेपर, परिचारिकांनी तासातासाला भरलेला तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणे, भूल देतानाची नोंद, संमतीपत्रे, तपासण्यांचे अहवाल, क्ष-किरण आणि स्कॅनच्या प्रतिमा, औषधांचा तक्ता, डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिल, असे एकेक नाव घालावे. रुग्णालये डिस्चार्ज कार्ड सहज देतात, पण खरी गोष्ट बहुधा परिचारिकांच्या तक्त्यात असते.

मृत्यू संशयास्पद वाटत असेल तर शवविच्छेदनाचा निर्णय काही तासांतच घ्यावा लागतो. त्या अवस्थेत हे बोलणेसुद्धा नको वाटते, हे मी जाणते. परंतु अंत्यसंस्कार झाल्यावर मृत्यूच्या कारणाचा सर्वांत भक्कम पुरावा कायमचा जातो, आणि नंतर कितीही चांगला वकील नेमला तरी तो परत आणू शकत नाही.

वकील कुठे भेटतो

आपल्याकडे वकिलांना जाहिरात करण्याची मनाई आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार वकिलाने कामासाठी गळ घालणे हे गैरवर्तन ठरते. 2008 पासून स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे देण्याची मुभा आहे. त्यामुळे इंटरनेटवर "सर्वोत्तम वैद्यकीय वकील" अशा याद्या, तारे आणि गुण दिसले तर त्यांच्यावर विसंबू नये. वकिलांना गुणांकन देऊन त्यांची सेवा वस्तूसारखी विकणाऱ्या अशा संकेतस्थळांवर मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले. रुग्णालयाच्या दारात किंवा शवागाराबाहेर येऊन कोणी वकिलाचे कार्ड हातात देत असेल, तर ते कार्ड तेथेच परत करावे.

मग शोधायचे कसे? सर्वांत खात्रीचा मार्ग थोडा कष्टाचा आहे. ग्राहक आयोगांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचायला मिळतात, आणि महाराष्ट्रातील जिल्हा आयोगांचे अनेक निकाल मराठीत असतात. आपल्या जिल्ह्याच्या आयोगाचे डॉक्टर आणि रुग्णालये यांच्याविरुद्धचे गेल्या काही वर्षांतले निकाल काढून वाचावेत. निकालाच्या पहिल्या पानावर दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे असतात. तक्रारदारातर्फे तेच नाव तीन-चार वेळा आले, तर तो माणूस हे काम जाणतो. त्याचे सर्वच निकाल बाजूने लागलेले नसतील, त्याचे फारसे वाटून घेऊ नये. हरलेल्या प्रकरणातही त्याने तज्ज्ञाचे मत दाखल केले होते का, वैद्यकीय मुद्दा नीट मांडला होता का, हे निकालाच्या मजकुरावरून कळते. वाचताना एक लक्षात ठेवावे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कोठे सामनेवाले, कोठे जाबदेणार, तर कोठे गैरअर्जदार म्हणतात.

दुसरा मार्ग म्हणजे आयोगात जाऊन एक सकाळ बसणे. कामकाज खुले असते. प्रकरण पुकारल्यावर कोण तयारीने उभा राहतो आणि कोण पुढची तारीख मागून निघून जातो, हे दोन तासांत दिसते. त्याखेरीज जिल्हा न्यायालयातील वकील संघात विचारता येते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. जमिनीचे किंवा कुटुंबाचे खटले पाहणारे आपल्या ओळखीचे वकील असतात, त्यांना "हे काम तुम्ही घ्या" असे न म्हणता "हे काम कोण नीट करते" असे विचारावे. सनद खरी आहे की नाही, याची खातरजमा महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते.

मोठ्या शहरातला नामवंत वकीलच हवा, हा समज सोडून द्यावा, असे मला मनापासून वाटते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो 20 जुलै 2020 पासून लागू आहे, तक्रारदाराला तो जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात तक्रार करण्याचा हक्क दिला. पुण्यात उपचार झालेला लातूरचा रुग्ण लातूरला तक्रार करू शकतो. शिवाय कोणत्या आयोगात जायचे हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, उपचारांसाठी मोजलेल्या रकमेवरून ठरते, आणि 50 लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे असतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणीच चालणार. तेथे महिन्या-दोन महिन्यांनी तारीख पडते. मुंबईहून येणारा वकील प्रत्येक तारखेला येत नाही, कनिष्ठाला पाठवतो, आणि येण्याजाण्याचा खर्च तक्रारदाराच्या माथी बसतो.

स्थानिक वकिलाची एक अडचणही आहे. लहान शहरात डॉक्टर आणि वकील एकमेकांच्या घरच्या कार्यांत भेटणारे असतात. त्या रुग्णालयाचे, डॉक्टरांच्या संघटनेचे किंवा त्यांना विमा देणाऱ्या कंपनीचे काम तुम्ही पाहता का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत सरळ विचारावा. उत्तर देताना माणूस अडखळला तर शेजारच्या जिल्ह्यात शोधावे. काही वकिलांकडे वैद्यकाची पदवीही असते आणि त्याचा उपयोग होतोच, पण वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून वकिली करता येत नाही, हा महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये योग्य ठरवला आहे. सकाळी दवाखाना आणि दुपारी कोर्ट असे कोणी सांगत असेल, तर त्याच्या सनदेची चौकशी करावी.

पहिली भेट

माझी मावशी गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या पहाटे गेली. आम्ही तीन वकिलांना भेटलो. पहिल्यांनी फाइल न उघडताच "पन्नास लाख मागू" असे सांगितले आणि कोलकात्याच्या एका प्रकरणाचा दाखला दिला. ते प्रकरण खरे आहे. 1998 मध्ये मृत्यू पावलेल्या पत्नीसाठी अमेरिकेतील डॉक्टर पतीने लढा दिला आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 5.96 कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. पण भरपाई मृताचे वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसे आणि झालेला खर्च यांवर ठरते, हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. दुसरे वकील वडिलांचे स्नेही. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "हे माझे काम नाही, मी घेतले तर तुमचे नुकसान होईल." त्यांनीच तिसऱ्यांचे नाव दिले. त्यांच्या त्या एका वाक्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

तिसऱ्या वकीलसाहेबांचे कार्यालय कोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर होते. त्यांनी प्रथम एक कोरा कागद घेतला आणि आमच्याकडून विचारून त्यावर तारखा आणि वेळा ओळीने लिहिल्या. मग विचारले, "शवविच्छेदन झाले का?" झाले नव्हते. त्यांनी तेही लिहिले. त्यानंतर परिचारिकांचा तक्ता टेबलावर पसरून त्यांनी त्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि ती एकेक ओळ खाली सरकवत गेले. रात्री अकरापर्यंत दर तासाला रक्तदाब लिहिलेला होता, आणि तो उतरत चालला होता. त्याखालची पुढची नोंद थेट पहाटे पाच वाजून दहा मिनिटांची होती. पट्टी तेथेच थांबवून ते म्हणाले, "मावशींच्या शस्त्रक्रियेवर मला बोट ठेवता येत नाही. तुमचे प्रकरण उभे राहिले तर या सहा तासांवर राहील." तोवर आम्ही सगळा राग शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवर धरून बसलो होतो. ज्या चुकीला कागदाचा आधार आहे तिच्यापुरतेच बोलायचे, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढचा प्रश्न तज्ज्ञांच्या मताचा. आपल्या शहरातला डॉक्टर सहकाऱ्याविरुद्ध लेखी मत द्यायला बहुधा तयार होत नाही. हे काम नेहमी करणाऱ्या वकिलाच्या माहितीत दुसऱ्या शहरातील, वैद्यकीय महाविद्यालयांतून निवृत्त झालेले प्राध्यापक असतात, आणि ज्याच्याकडे अशी नावे नाहीत त्याने ती कोठून आणणार हे तरी सांगितले पाहिजे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात स्पष्ट केले आहे. पोटात टॉवेल राहिला तर ते समजायला तज्ज्ञ नको. पण निदान उशिरा झाले, औषधाची मात्रा चुकली, अशा आरोपांत तज्ज्ञांच्या मताशिवाय जाणे मी तरी धोक्याचे मानते.

फी आणि वकीलपत्र

अमेरिकेत राहणारे नातेवाईक सांगतात की तेथे वकील "जिंकलो तरच फी" या बोलीवर काम करतात आणि भरपाईतला वाटा घेतात. भारतात ते चालत नाही. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलांच्या नियमांना धरून नाही. म्हणून कोणी टक्केवारी बोलू लागले, तर तो माणूस पहिल्याच भेटीत आपल्या व्यवसायाचा नियम मोडत आहे हे ओळखावे. फीचा सरकारी दर ठरलेला नसतो. ती टप्प्यांनी ठरवून घेणे सोयीचे पडते, म्हणजे नोटीस आणि तक्रार दाखल करेपर्यंत किती, पुराव्याच्या शपथपत्रापर्यंत किती, युक्तिवादाच्या वेळी किती. तज्ज्ञांचे मानधन, टंकलेखन आणि प्रवास यांत धरलेले आहेत की वेगळे, हेही आधीच विचारावे, हे सर्व कागदावर उतरवून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. आयोगाची स्वतःची फी फारच थोडी आहे. उपचारांसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर काहीही भरावे लागत नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400 आणि 50 लाखांपर्यंत 1,000 रुपये. "आयोगात भरायला" म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली, तर हे आकडे आठवावेत.

ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, आणि इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आत. 15100 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक आयोगात वकील नेमणे सक्तीचे नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. बिलाच्या तक्रारीत मी कोणालाही तसे सुचवीन. मृत्यूच्या किंवा अपंगत्वाच्या प्रकरणात मात्र समोर विमा कंपनीचे अनुभवी वकील उभे असतात, आणि तेथे एकट्याने उभे राहू नये असे माझे मत आहे.

वकीलपत्राचा छापील नमुना सही करण्याआधी पूर्ण वाचावा. त्यात बहुतेक वेळा पक्षकाराच्या वतीने तडजोड करण्याचा अधिकारही वकिलाला दिलेला असतो. आपल्याला विचारल्याशिवाय तडजोड नको असेल, तर ते शब्द खोडून घ्यावेत. कोऱ्या कागदावर सही करू नये. तक्रारीसोबतचे शपथपत्र आपले असते, त्यात लिहिलेल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी आपली असते, म्हणून मसुदा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय त्यावर नाव घालू नये. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून वकिलांना छायाप्रती द्याव्यात, आणि मूळ द्यावेच लागले तर यादी करून तिच्यावर त्यांची सही घ्यावी.

तक्रार दाखल होऊन नोटीस बजावली गेली की समोरच्या बाजूला उत्तर देण्यास 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. ही 45 दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितले आहे. आपले वकील त्या दिवसाकडे लक्ष ठेवून आहेत का, हे विचारण्याचा पक्षकाराला पूर्ण हक्क आहे. प्रत्येक तारखेनंतर काय झाले आणि पुढची तारीख कोणती, हे संकेतस्थळावर स्वतः पाहून वहीत लिहून ठेवावे. जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे 45 दिवसांत अपील करावे लागते. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत असून नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची खंडपीठे आहेत.

वकिलाकडूनच हयगय झाली तर? मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. डॉक्टरविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, वकिलाविरुद्ध जाता येत नाही. त्याच्या गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, पण गेलेली मुदत त्यामुळे परत मिळत नाही. वकील बदलायचा असल्यास आधीच्या वकिलांकडून ना हरकत घेण्याची पद्धत आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि तसा प्रसंग आलाच तर ही गोष्ट नम्रपणे, पण लेखी कळवावी.

मावशीचे प्रकरण आज पुराव्याच्या टप्प्यावर आहे. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत कामावर कोण होते, याची यादी रुग्णालयाने सादर करावी, असा अर्ज आमच्या वकीलसाहेबांनी दिला आहे आणि त्यावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे.